दुधावरची फुंकर

शेलारांनी तिसऱ्यांदा ‘कट’ म्हटलं तेव्हा द्वारकाताईंनी दुधाचा पेला ओट्यावर ठेवला, पदराने कपाळ टिपलं आणि दिव्यांच्या झगझगाटातून मला शोधत विचारलं, “सदूभाऊ, ह्यांना नक्की हवंय तरी काय?”

मी लिमये मास्तरांच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा होतो. आत जमिनीवर वायरींचं जाळं पसरलेलं, त्यामुळे पुढे यायची मला मनाई होती. शेलार म्हणजे सिनेमाचे दिग्दर्शक. मुंबईहून आलेले, गळ्यात कायम एक ओला टॉवेल. त्यांनी ताईंपुढे हात जोडले आणि पुन्हा पहिल्यापासून समजावलं. बाई, तुम्ही सासू आहात. सून नागकन्या आहे, हे तुम्हाला कळलंय. आता तिला दुधातून विष घालायचंय. पेला पुढे करायचा, डोळे मोठे करायचे आणि हसायचं. असं हसायचं की माडावरचा कावळा उडाला पाहिजे. मग त्यांनी स्वतः हसून दाखवलं. मागल्या गोठ्यातली म्हैस दावं ओढत उभी राहिली.

ताईंना काही हसू आलं नाही. “जिला मारायचंय तिला आधी घाबरवून कोण ठेवील?” त्या म्हणाल्या. “मग ती पिणार कशी?”

“पिक्चरमध्ये पितात, बाई.”

कॅमेरावाल्याने शेलारांच्या कानाशी लागून सांगितलं, की फिल्म आता एकाच वेळेपुरती उरली आहे आणि पुढचा डबा सोमवारी येईल. सुनेचं काम करणारी मुलगी तर दुपारच्या गाडीने जायची होती. शेलारांनी टॉवेलने तोंड पुसलं आणि म्हणाले, ठीक आहे, काय करायचं ते करा, पण एकदाच.

ताई आमच्या गावच्या कीर्तनकार. ऐन तारुण्यात वैधव्य आलं, सासर सुटलं, मग वडिलांकडून त्या कीर्तन शिकल्या. देवळामागच्या दोन खोल्यांत एकट्या राहत. आसपासच्या गावांतून बोलावणी यायची, पण त्यांचं खरं वर्ष एकाच गोष्टीभोवती फिरायचं. माघात लक्ष्मीकेशवाचा पाच दिवसांचा उत्सव असे आणि त्या पाचही दिवसांची कीर्तनाची गादी अकरा वर्षं त्यांची होती. त्या पाच दिवसांसाठी त्या उरलेले तीनशे साठ दिवस जगत, असं म्हटलं तर कुणाला खोटं वाटलं नसतं. मी पोस्टमास्तर, पण संध्याकाळचा पेटीवाला. ती अकरा वर्षं त्यांच्या उजव्या हाताला बसून मी साथ केली. कीर्तनाचं मला लहानपणापासून वेड. देव कुठे असतो ते मला ठाऊक नाही, पण चांगलं कीर्तन रंगलं आणि शे-दीडशे माणसांनी एका श्वासात नाम घेतलं, की तो सभामंडपात येऊन मागे खांबाला टेकून उभा राहतो, एवढं मला आजही वाटतं.

तर अशा बाईला त्या सिनेमात नेलं कुणी? मी नेलं.

चिऱ्यांच्या खाणीचे मालक तात्या खानविलकर यांना सिनेमा काढायची हुक्की आली होती. नाव ‘पाताळची सून’. नायक त्यांचा मेव्हणा. वय बेचाळीस, पण सिनेमात कॉलेजात शिकणारा. सासूच्या कामासाठी आणलेल्या नटीने राहायची खोली बघितली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने ती परत गेली. शेलार डोकं धरून पोस्टाच्या पायरीवर बसले होते. मी त्यांना ताईंचं नाव सुचवलं. सुचवलं, कारण चार दिवसांपूर्वी मी त्यांना माझी एक चाल ऐकवली होती आणि नागिणीच्या नाचाला ती घेऊ, असं ते म्हणाले होते. सिनेमा बंद पडला असता तर माझी चालही गेली असती.

ताईंनी पहिल्या दिवशी नकार दिला. गादीवर उभं राहणाऱ्या बाईने हे करावं का, असं त्यांनी मलाच विचारलं. मी म्हटलं, आख्यानात तुम्ही कपटी राणी करता, सावत्र आई करता, राक्षसी करता. लोक रडतात आणि रडून झाल्यावर तुमच्याच पायांवर डोकं ठेवतात. हे काय वेगळं आहे?

“तिथे गळ्यात हार असतो, सदूभाऊ.”

“हार नसला म्हणून माणूस बदलतं का?”

हेच मी दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ, वेगवेगळ्या शब्दांत बोलत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, “तुमची चाल घेणार आहेत ना ते?” मी मान खाली घातली. “घेऊ दे,” त्या म्हणाल्या. “येते मी.”

आणि आता त्या मास्तरांच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या. दिवे पेटले. शेलारांनी थकल्या आवाजात इशारा दिला.

ताईंनी पेला उचलला. सून पाटावर बसली होती, तिच्यासमोर त्या न बसता तिच्या शेजारी बसल्या. तिच्या कपाळावर आलेली बट बोटाने मागे सारली. मग पेल्यातलं थोडं दूध बशीत ओतलं, बशी दोन्ही हातांत धरली आणि हळूच फुंकर घातली. एकदा, दोनदा. साय कडेला सरकली. करंगळी टेकवून बघितलं आणि बशी पोरीच्या ओठांशी नेली. “हं,” म्हणाल्या, “आता पोळायचं नाही.”

हे वाक्य कागदावर नव्हतं. पोरगी बोलायचं विसरली आणि खरोखर दूध प्यायली. ताई तिच्याकडे बघत राहिल्या. पिऊन झाल्यावर तिच्या वरच्या ओठावर दुधाची मिशी उमटली होती, ती त्यांनी आपल्या पदराने पुसली. आणि त्या पदराची घडी घालून, सांभाळून, पुन्हा खांद्यावर घेतली.

शेलार ‘कट’ म्हणायचं विसरले. फिल्म संपल्यावर कॅमेरा नुसताच करकरत राहिला. मग कॅमेरावाला म्हणाला, “ह्या बाईचं काय खरं नाय, साहेब,” आणि विडी ओढायला बाहेर गेला. शेलारांना आवडलं की नाही, ते मला कधी कळलं नाही. हसणं राहिलंच, असं काहीतरी ते पुटपुटत होते. दुसरी फिल्म असती तर त्यांनी ते दृश्य पुन्हा घेतलं असतं आणि ताई आपल्या गादीवर राहिल्या असत्या.

पौषातल्या जत्रेत तंबू लागला आणि संध्याकाळच्या खेळाला सगळा गाव लोटला. मी ताईंनाही चला म्हटलं होतं, पण त्यांचा हरिपाठ होता. सिनेमा इतका वाईट होता की लोकांची चैन झाली. रबराच्या नागाला बांधलेला दोरा दिसत होता. मेव्हण्याचा केसांचा टोप मारामारीत फिरला आणि भांग कानावर आला. पाताळ म्हणजे तात्यांचीच खाण, हिरवा दिवा लावलेली. आपलं पाणी मारायचं पिंप पाताळात दिसल्यावर खाणीवरच्या कामगारांनी टाळ्या पिटल्या. माझ्या चालीवर नागीण नाचली तेव्हा पुढल्या रांगेने ठेका धरला आणि मला, खरं सांगतो, घाम फुटेस्तोवर आनंद झाला.

मग मास्तरांचं स्वयंपाकघर आलं. घर ओळखून लोक आधी हसले. ताई दिसल्या तेव्हाही दोघा-तिघांनी शीळ घातली. पण बट मागे सारली तसा तंबूतला आवाज कमी होत गेला आणि फुंकर घातली तेव्हा तो बंद झाला. माझ्या पुढच्या रांगेत एक नवी सून बसली होती. तिने पदर तोंडात धरला आणि नकळत आपल्या सासूपासून वीतभर सरकली. पुढे आणखी तासभर सिनेमा चालला, नाग आले, मोटारसायकल आली. पण लोकांचं हसू परत आलं नाही.

बाहेर पडताना लिमयेवहिनी मास्तरांना सांगत होत्या, की तो पेला आणि ती बशी आपल्या घरात नको, उद्याच विहिरीत टाकते. मास्तर म्हणाले, अगो, भांड्यांनी काय केलंय?

“भांड्यांनी नाही केलं,” वहिनी म्हणाल्या. “जिनं केलं तिला कशी टाकू विहिरीत?”

मी ते ऐकलं आणि मनात हसलो. सिनेमा आहे, चार दिवसांत विसरतील, असं मला वाटलं.

आठवड्याने एकादशी आली. एकादशीचं कीर्तन आमच्याकडे चारला सुरू होऊन सूर्य बुडायच्या आत संपतं. सभामंडप भरला होता. ताई नेहमीसारख्या उभ्या राहिल्या, पूर्वरंग झाला, पुजाऱ्यांनी हार घातला, बुक्का लावला, आख्यान सुरू झालं. गळा असा लागला होता की माझी बोटं आपोआप धावत होती. पण समोरून काही परत येत नव्हतं. नाम घ्यायला सांगितलं तर ओठ हलत, आवाज मात्र येईना. आख्यानात एक आई होती, ती बाळाला न्हाऊ घालते. ताई ओणव्या होऊन त्या नसलेल्या बाळाचं डोकं हातावर घेऊ लागल्या, तशा दोन बायका आपली मुलं उचलून बाहेर गेल्या.

आमच्या देवळाची रीत अशी, की आरती झाली की लिमयेवहिनी पहिल्यांदा कीर्तनकाराच्या पाया पडतात, मग बायका, मग पुरुष, सगळ्यांत शेवटी साथीदार. शेवटचा नमस्कार होईस्तोवर कीर्तनकाराने गळ्यातला हार काढायचा नाही आणि जागा सोडायची नाही. वयाने मोठं कोण, धाकटं कोण, हे तिथे बघत नाहीत. त्या दिवशी वहिनींनी आरतीवर हात फिरवले, डोळ्यांना लावले, देवाला हात जोडले आणि चपला घातल्या. त्यांच्यामागून बाकीच्या गेल्या. पुरुषांनी एकमेकांकडे बघितलं आणि तेही गेले. ताई हार घालून उभ्या होत्या. पुजाऱ्यांनी समया आवरल्या तरी उभ्या होत्या. तबलजी घाईघाईने वाकून निघून गेला. मग मी उठलो आणि पायांवर डोकं ठेवलं. पावलं गार होती.

“झाले का सगळे?” त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. मग त्यांनी हार काढला.

माघाच्या उत्सवाचं ठरवायला देवस्थान मंडळाची बैठक बसली. पाच माणसं, आणि पेटीवाला म्हणून कोपऱ्यात मी. अध्यक्ष लिमये मास्तर. मास्तर वाईट माणूस नव्हता. बायका म्हणतात, ताई असतील तर आम्ही येणार नाही, एवढं त्यांनी सांगितलं. नुसतं काम केलं असतं तर कुणी काही बोललं नसतं, सासवा काय सिनेमात कमी असतात? पण ती फुंकर. असं ज्या बाईला सुचतं तिच्या पाया पडायचं कसं, असं त्या विचारतात. मग ते माझ्याकडे वळले. आजही मला ती नजर आठवते. त्यांना ताईंना वाचवायचं होतं.

“सदू, तू होतास तिथे. ते त्या दिग्दर्शकाने सांगितलं म्हणून केलं ना त्यांनी? तू तसं म्हण, मी घरोघर जाऊन समजावतो.”

एक ‘हो’ पुरला असता. पण त्या आठवड्यात मी हवेत होतो. पोस्टात तिकीट घ्यायला येणारा प्रत्येक जण माझ्या चालीबद्दल बोलत होता. शेलारांना त्या फुंकरीचं श्रेय जावं, हे मला सहन झालं नाही.

“छे हो, मास्तर,” मी म्हणालो. “त्याला कुठलं सुचायला? त्याला राक्षसीचं हसणं हवं होतं. फुंकर ताईंची स्वतःची. ‘आता पोळायचं नाही’ हेही त्यांचंच. असलं सांगून येत नाही, ते आतूनच यावं लागतं.”

मी कौतुक करत होतो आणि बराच वेळ करत राहिलो. पदराची घडीसुद्धा वर्णन करून सांगितली. बोलणं संपल्यावर माझ्या लक्षात आलं, की कुणी मान हलवत नाहीये. मास्तरांनी पेनाला टोपण लावलं.

“आतून,” ते म्हणाले, आणि दुसऱ्या कीर्तनकाराचं नाव विचारायला लागले.

ताईंना तिथे नेलं कुणी, हे कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पेटीसुद्धा दुसऱ्याकडे गेली असती, हे मला त्या क्षणी पक्कं समजत होतं.

दुसऱ्या दिवशी मी ताईंकडे गेलो. त्या देवासाठी वाती वळत होत्या. मी सगळं सांगितलं. मास्तरांनी काय विचारलं, मी काय उत्तर दिलं, एक शब्द गाळला नाही. त्यांची बोटं थांबली नाहीत.

“खरं तेच सांगितलंत की,” त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, मी परत जातो, मास्तरांच्या पाया पडतो, तुम्हाला ते सुचलं कसं, हे तरी मला सांगा, म्हणजे लोकांना काही समजावता येईल. त्यांनी वळलेली वात तबकात ठेवली. दुसरीचा कापूस घेतला, पण वळला नाही.

“सुचलं नाही, सदूभाऊ. आमचे हे गेले त्याला वीस दिवस झाले होते. मला तिसरा महिना होता. दिरांना घरात वाटेकरी नको होता. सासूबाईंनी काढा केला. शेजारी बसल्या, केस मागे घेतले, बशीत ओतून फुंकर घातली. माझी जीभ पोळू नये म्हणून. पिऊन झाल्यावर तोंडसुद्धा त्यांनीच पुसलं.” त्यांनी हातातला कापूस वळायला घेतला. “मला वाटलं, किती माया करतात.”

बाहेर कुणीतरी विहिरीवर रहाट ओढत होतं.  मी म्हणालो, की हे मास्तरांना कळलं पाहिजे, वहिनींना कळलं पाहिजे. ऐकलं तर त्या धावत येतील.

“नाही,” त्या म्हणाल्या. तो आवाज मी गादीवरूनच ऐकला होता, घरात कधी ऐकला नव्हता. “गादीवर उभं राहून आपली कथा सांगायची नसते, देवाची सांगायची. वडिलांनी पहिल्या दिवशी शिकवलं ते हेच. गादी परत मिळावी म्हणून माझी कथा दारोदार फिरवू? आणि ऐकून वहिनी पाया पडतील, त्या कुणाच्या पडतील? कीर्तनाच्या नव्हेत. तुम्ही कुणाला सांगायचं नाही. मी आहे तोवर नाही.”

त्या गेल्याला आता सात वर्षं झाली. म्हणून लिहितो आहे.

उत्सवाला चिपळूणकडचे एक तरुण बुवा आले. देखणे, अंगावर रेशमी उपरणं, बोलायला तयार. मी पेटी घेऊन त्यांच्या उजव्या हाताला बसलो. बसायला नको होतं, हे मला ठाऊक होतं आणि तरी मी बसलो. पहिल्या दिवशी बुवांनी काळी दोनचा चढा सूर मागितला. उंच वाजलं म्हणजे लोक भारावतात, असा त्यांचा समज असावा. मी दिला. पूर्वरंगात निभावलं, पण आख्यानात गळा ओढायला लागला, दोनदा फाटला. लोक चुळबुळले. माझ्या मनात, देवाची क्षमा मागून सांगतो, बरं वाटलं.

ताई सभामंडपात नव्हत्या. बाहेर दीपमाळेच्या पायरीवर, कुणाला अडचण होणार नाही अशा बेताने, त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत बसून होत्या. आरती झाली, वहिनी बुवांच्या पाया पडल्या, बायका पडल्या, पुरुष पडले. सगळे पांगल्यावर ताई आत आल्या. बुवांना त्या कोण हे माहीत नव्हतं. आपल्या निम्म्या वयाच्या त्या पोराच्या पायांवर त्यांनी डोकं ठेवलं, रीतीप्रमाणे, सावकाश. मग माझ्यापाशी आल्या. मी पेटीवर कापड टाकत होतो, वर बघायचं धाडस होईना.

“बुवांना सांगू नका, वाईट वाटेल,” त्या हळू म्हणाल्या. “उद्या गुपचूप काळी एक द्या. गळा गोड आहे, खाली बसेल. आज उगाच ओढला बिचाऱ्याने.”

आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी सुरुवातीचा सूर देताना, बुवा तंद्रीत असताना, मी काळी एकवर हात ठेवला. त्यांना कळलंही नाही. गळा असा खुलला की आख्यानापर्यंत सभामंडप एका आवाजात नाम घेत होता. पाचव्या दिवशी तर लोक उठायला तयार नव्हते. मास्तर डोळे पुसत माझ्याजवळ आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “सदू, असं कीर्तन ह्या देवळात आजवर झालं नव्हतं, काय?”

दीपमाळेच्या पायरीवर ताई अजून बसलेल्या होत्या. तिथवर ऐकू जात होतं.

“नव्हतं,” मी म्हणालो.